'मंदकेंद्र' म्हणजे कशाचं केंद्र?

नभांगणी

जुन्या सिद्धांतग्रंथांच्या पद्धतीने सूर्याचं स्थान काढायला शिकते आहे. गणित जमतंय, शब्द अडतोय. तो शब्द म्हणजे 'मंदकेंद्र'.

शाळेपासून केंद्र म्हणजे वर्तुळाच्या मधोमधचा बिंदू. तो जागचा हलत नाही, म्हणूनच तर त्याला केंद्र म्हणायचं. इथे मात्र केंद्र रोज बदलतं. ते अंश-कलांमध्ये (एक अंश म्हणजे ६० कला) मोजतात, त्याची ज्या (आजच्या भाषेत 'साइन') काढतात. बिंदूची ज्या कशी निघेल? सूर्यसिद्धांताच्या दुसऱ्या अध्यायातला श्लोक असा आहे:

ग्रहं संशोध्य मन्दोच्चात् तथा शीघ्राद्विशोध्य च ।
शेषं केन्द्रपदं तस्माद् भुजज्या कोटिरेव च ॥

मंदोच्चातून (कक्षेतल्या सर्वात लांबच्या बिंदूतून) ग्रह वजा करा, तसाच शीघ्रोच्चातूनही (ग्रहांच्या दुसऱ्या दुरुस्तीसाठीच्या बिंदूतूनही) वजा करा, उरेल ते केंद्र. म्हणजे केंद्र ही चक्क वजाबाकी आहे. दोन स्थानांमधल्या कोनाला हे नाव का दिलं असेल? की हा शब्दच वेगळा आहे आणि आपल्या 'केंद्रा'सारखा नुसता दिसतो?

आणखी एक अडचण. भास्कराचार्यांच्या रीतीने मंदकेंद्र काढलं आणि आजच्या पुस्तकातल्या सूत्रात घातलं, तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातलं माझं उत्तर पावणेचार अंशांहून थोडं जास्तच चुकतं. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, तेव्हा ही जवळपास चार दिवसांची चूक झाली. बेरीज-वजाबाकी तीनदा तपासली आहे.

त्रिज्या

अडचणीचं आधी सांगतो, कारण ती लगेच सुटेल. तुमची बेरीज बरोबर आहे, फक्त दोन परंपरा एकमेकींत मिसळल्या आहेत.

आजच्या सूत्रांत हा कोन उपसूर्य बिंदूपासून मोजतात, म्हणजे पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते तिथून. सिद्धांतग्रंथांत तो उच्चापासून मोजतात, म्हणजे सर्वात लांबच्या जागेपासून. दोन्हींमध्ये बरोबर १८० अंशांचा फरक आहे. १८० अंश मिळवले की ज्येचं चिन्ह उलटं होतं, म्हणून जिथे मिळवायचं तिथे तुम्ही वजा केलंत. सूर्याचं मंदफल (समान गतीने येणारं स्थान आणि दिसणारं स्थान यांतला फरक) जास्तीत जास्त १ अंश ५५ कला असतं आणि ते एप्रिल व ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतं. त्याची दुप्पट ३ अंश ५० कला. तुमची चूक हीच.

शिवाय आपल्या ग्रंथांमध्येही एकवाक्यता नाही. सूर्यसिद्धांत उच्चातून ग्रह वजा करतो. भास्कराचार्य सिद्धांतशिरोमणीत (इ.स. ११५०) मंदकेंद्रासाठी नेमकं उलट सांगतात: 'मृदूच्चेन हीनो ग्रहो मन्दकेन्द्रम्', ग्रहातून उच्च वजा करा. म्हणून धन-ऋणाचे नियमही दोन ग्रंथांत उलटे आहेत. सूर्यसिद्धांतात केंद्र मेषादी सहा राशींत (० ते १८० अंश) असेल तर फल मिळवायचं, सिद्धांतशिरोमणीत मंदकेंद्र तुळादी (१८० ते ३६० अंश) असेल तर. उत्तर दोघांचं एकाच दिशेला जातं. एका ग्रंथाचं केंद्र आणि दुसऱ्याचा धन-ऋण नियम असं कधीही करू नका. मी स्वतः यात एक अख्खा आठवडा घालवला आहे.

नभांगणी

जमलं! १८० अंश मिळवले आणि उत्तर कलांपर्यंत जुळलं. खूप आभार. पण मूळ प्रश्न आहे तिथेच आहे, हा कोन 'केंद्र' का?

कोवळं ऊन

मी या विषयात नवी आहे. मंदोच्च, मंदफल, मंदकेंद्र यांतलं 'मंद' काय आहे, ते कुणी सांगेल का? सूर्य मंद कधी होतो?

त्रिज्या

खरंच होतो. पृथ्वीची कक्षा अगदी वर्तुळाकार नाही. जुलैच्या सुरुवातीला ती सूर्यापासून सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर असते, जानेवारीच्या सुरुवातीला सुमारे १४ कोटी ७१ लाखांवर. लांब असताना तिची चाल मंदावते, म्हणून आपल्याला सूर्यही तारकांमधून हळू सरकताना दिसतो. याचा पुरावा कॅलेंडरमध्येच आहे. वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंत, म्हणजे मार्च ते सप्टेंबर, सुमारे १८६ दिवस जातात. परतीच्या अर्ध्या फेरीला सुमारे १७९ दिवस पुरतात. अंतर दोन्ही वेळा १८० अंशच.

आता सूर्य वर्षभर एकाच गतीने चालतो असं धरून त्याचं जे स्थान येतं तो 'मध्यम' रवी. आकाशात दिसतो तो 'स्पष्ट' रवी. या दोघांतला फरक म्हणजे मंदफल. तो फरक कशावर अवलंबून आहे? मध्यम रवी उच्चापासून किती दूर आहे, फक्त यावर. उच्चावर असताना फरक शून्य, बरोबर समोर १८० अंशांवर असतानाही शून्य, आणि मध्ये ९० अंशांच्या सुमाराला सर्वात जास्त. ते 'उच्चापासूनचं अंतर' म्हणजे मंदकेंद्र. सगळं गणित या एका कोनाभोवती फिरतं.

ग्रहांच्या बाबतीत दुसरी एक दुरुस्ती लागते, ती शीघ्रफल. आपण फिरत्या पृथ्वीवरून पाहतो म्हणून ग्रह पुढेमागे होताना दिसतात, त्याची ही दुरुस्ती. तिचा कोन शीघ्रकेंद्र. सूर्यसिद्धांत सांगतो की शीघ्रकेंद्र मंगळाचं १६४, बुधाचं १४४, गुरूचं १३०, शुक्राचं १६३ आणि शनीचं ११५ अंश झालं की तो ग्रह वक्री व्हायला लागतो. तिथे शब्द आहे 'केंद्रांश'. नभांगणी, तुमच्या शंकेला हा आणखी एक पुरावा. केंद्र या शब्दाला इथे अंश जोडलेले आहेत, बिंदू असता तर ते कुठे जोडणार?

शब्दशोध

शब्दाबद्दल मी लिहितो.

नभांगणींची शंका रास्त आहे, पण शब्द एकच आहे. आणि तो मुळात संस्कृत नाही. ग्रीक 'केंत्रोन'पासून तो संस्कृतात आला. ग्रीक भाषेत टोचणे या अर्थाचा धातू आहे, त्यापासून केंत्रोन म्हणजे टोचणारी वस्तू: बैलाला टोचायची पराणी, गांधीलमाशीची नांगी, अणकुचीदार टोक. वर्तुळ काढताना कंपासचं एक टोक रोवून ठेवावं लागतं. त्या रोवलेल्या टोकाची जागा म्हणजे केंत्रोन, आणि तिथून 'वर्तुळाचा मध्य' हा अर्थ आला. लॅटिनमध्ये हाच शब्द 'सेंट्रम' झाला, इंग्रजीत 'सेंटर'. म्हणजे आपलं केंद्र आणि त्यांचं सेंटर हे सख्खे भाऊ आहेत. एक पूर्वेला आला, एक पश्चिमेला गेला.

संस्कृतात तो दोन वाटांनी वापरात आला. फलज्योतिषात कुंडलीतली पहिलं, चौथं, सातवं आणि दहावं ही स्थानं म्हणजे केंद्रस्थानं. ग्रीक फलज्योतिषात पूर्व क्षितिज, माथ्यावरचा मध्य, पश्चिम क्षितिज आणि पायाखालचा मध्य या चार बिंदूंना केंत्रोनच म्हणत. दुसरी वाट गणिताची, म्हणजे तुमचं मंदकेंद्र.

'वर्तुळाचा मध्य' हा अर्थ मात्र आपल्या जुन्या ग्रंथांत या शब्दाकडे सहसा नव्हता. त्यासाठी 'मध्य' हा साधा शब्द पुरेसा होता. आर्यभटाचं (इ.स. ४९९) वाक्य बघा: 'प्रतिमण्डलस्य मध्यं घनभूमध्यादतिक्रान्तम्'. ग्रह ज्या वर्तुळात फिरतो त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्यापासून सरकलेला आहे. आज हे वाक्य लिहायचं तर आपण दोन्ही जागी 'केंद्र' लिहू. आर्यभट दोन्ही जागी 'मध्य' लिहितो.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली, 'रेखागणित' या नावाने. तिथे वर्तुळाच्या मध्याला केंद्र म्हटलेलं सापडतं. शाळेत आपण शिकतो तो अर्थ हा. म्हणजे नभांगणी, तुम्हाला जो अर्थ विचित्र वाटला तो आपल्याकडे जुना आहे, आणि जो सरळ वाटतो तो रुळायला कितीतरी शतकं लागली.

मूळाक्षर

लेखन अभ्यासपूर्ण आहे, पण मनापासून विचारतो, प्रत्येक शब्द ग्रीकांकडून आला असं म्हणायची घाई होत नाही ना? 'क' म्हणजे मस्तक किंवा आकाश, आणि 'इंद्र' म्हणजे स्वामी. क + इंद्र = केंद्र. आकाशाचा स्वामी. संधीसुद्धा नियमाने होतो. मग ग्रीकांकडे कशाला जायचं? आपल्या ज्योतिर्विदांचं श्रेय असं एकेक शब्दाने वाटलं गेलं की वाईट वाटतं.

शब्दशोध

तुमची कळकळ पोहोचली आणि प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

संधी जुळला म्हणजे व्युत्पत्ती झाली असं नाही. 'आकाशाचा स्वामी' हा अर्थ केंद्राच्या कुठल्याच वापराला लागत नाही, ना कोनाला, ना कुंडलीतल्या चार स्थानांना. अशी उदाहरणं जुनीच आहेत. 'होरा' शब्दाबद्दल वराहमिहिर बृहज्जातकात लिहितो: 'होरेत्यहोरात्रविकल्पमेके वाञ्छन्ति पूर्वापरवर्णलोपात्'. अहोरात्र शब्दातलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून होरा झाला, असं काहीजण मानतात. यातला 'एके', म्हणजे 'काहीजण', फार मोलाचा आहे. वराहमिहिर ती व्युत्पत्ती नोंदवतो, पण दुसऱ्यांच्या नावावर. होरा हा ग्रीक 'होरा'च आहे, इंग्रजीतला 'अवर'ही त्याच घरातला.

दुसरं म्हणजे केंद्र एकटं आलेलं नाही. त्याच्याबरोबर सगळा गोतावळा आला आहे. कुंडलीत केंद्रापुढची स्थानं पणफर, त्यांच्यापुढची आपोक्लिम. ग्रीकमध्ये एपानाफोरा आणि आपोक्लिमा. सातवं स्थान जामित्र, ग्रीक दियामेत्रोन, म्हणजे व्यासाच्या दुसऱ्या टोकाचं, बरोबर समोरचं. कालिदासाने कुमारसंभवात पार्वतीच्या लग्नाच्या तिथीचं वर्णन करताना जामित्र शब्द वापरला आहे, इतका तो रुळला होता. कलेला दुसरा शब्द लिप्ता, तो ग्रीक लेप्तोन. एखादा शब्द योगायोगाने जुळेल. एकाच विषयातले इतके शब्द, तेही त्याच क्रमाने आणि त्याच अर्थाने, योगायोगाने जुळत नाहीत.

आणि ज्यांनी हे शब्द घेतले त्यांना ते लपवावेसे वाटले नाहीत. बृहत्संहितेत वराहमिहिर स्वच्छ लिहितो: 'म्लेच्छा हि यवनास्तेषु सम्यक् शास्त्रमिदं स्थितम् । ऋषिवत्तेऽपि पूज्यन्ते'. यवन (म्हणजे ग्रीक) म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्याकडे नीट प्रतिष्ठित आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात. सहाव्या शतकातला आपला ज्योतिर्विद हे इतक्या मोकळेपणी लिहितो, याचा मला फार अभिमान वाटतो.

त्रिज्या

मूळाक्षर, शब्द कुठून आला आणि गणित कुणी किती पुढे नेलं हे दोन वेगळे हिशोब आहेत. केंद्र शब्द ग्रीक, पण ग्रीकांकडे त्या कोनाची पूर्ण जीवा काढायची रीत होती. अर्धज्या (म्हणजे अर्धी जीवा, आजची साइन), जिच्यावर आजची सगळी त्रिकोणमिती उभी आहे, ती आपल्या ग्रंथांनी रुळवली. वरच्या श्लोकातली 'भुजज्या' तीच. आणि आपल्या गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघवात (शके १४४२) ज्याचापाचं गणित टाळून हीच मंदफलं बेरीज, गुणाकार, भागाकार यांच्यावर आणून ठेवली. अनेक पिढ्यांच्या पंचांगकर्त्यांनी त्याच रीतीवर पंचांगं केली. मंदकेंद्रातून इतक्या थोड्या आकडेमोडीत फल कसं निघतं ते एकदा स्वतः करून बघा, त्या माणसाबद्दलचा आदर दुणावतो.

शब्दशोध

आणि शब्दांची वाट एकेरी नव्हती. मंदकेंद्राच्या व्याख्येतलाच दुसरा शब्द घ्या, 'उच्च'.

उच्च शुद्ध संस्कृत. आठव्या शतकात भारतीय ज्योतिषाचं गणित बगदादला खलिफा मन्सूरच्या दरबारी पोहोचलं. तिथे 'सिंदहिंद' नावाने त्याची परंपरा सुरू झाली, त्यातलं 'सिंदहिंद' म्हणजे आपला 'सिद्धांत'. आपला 'उच्च' अरबी ग्रंथांत 'औज' झाला, फारसीच्या उंबरठ्यावरून. अर्थ तोच, ग्रहाच्या कक्षेतला सर्वात लांबचा बिंदू. पुढे अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं झाली. अल्-ख्वारिझ्मीच्या सिंदहिंद कोष्टकांचं भाषांतर ११२६ मध्ये बाथच्या अॅडेलार्डने केलं. मध्ययुगीन लॅटिनमध्ये औजचा 'आउक्स' झाला आणि युरोपातले खगोलज्ञ कित्येक शतकं आपल्या कोष्टकांत तो लिहीत राहिले.

म्हणजे मंदोच्चातून मंदकेंद्र काढताना तुम्ही पूर्वेकडून पश्चिमेला गेलेला एक शब्द आणि पश्चिमेकडून पूर्वेला आलेला एक शब्द एकाच वजाबाकीत मांडता.

मूळाक्षर

हे माहीत नव्हतं. औज आणि आपला 'ओज' (ओजस्वी मधला) यांचा काही संबंध?

शब्दशोध

नाही. ओजस् हा वेदांपासूनचा स्वतंत्र शब्द, अर्थ बळ, तेज. औजचा अर्थ उंची, शिखर. उर्दू शायरीत तो आजही त्याच अर्थाने येतो. उच्चारापुरतं साम्य आहे.

नभांगणी

फार सुंदर. पण माझा हट्ट सोडत नाही. टोचणारं टोक, मग वर्तुळाचा मध्य, इथपर्यंत कळलं. तिथून *कोन* कसा झाला?

त्रिज्या

यावर माझं मत सांगतो, मत म्हणूनच घ्या. उच्चापासूनचं अंतर मोजताना आपण वर्तुळाच्या मध्यावर उभे असतो, कोन तिथे होतो. 'मध्यावरचा कोन' म्हणता म्हणता नुसतं 'मध्य' उरलं असावं. व्यवहारात आपण असं नेहमी करतो. 'तापमान किती' ऐवजी 'ताप किती' म्हणतो आणि उत्तरात आकडा देतो.

पण हे फक्त संस्कृतातच घडलं असतं तर मी इतकं खात्रीने बोललो नसतो. मध्ययुगीन लॅटिन कोष्टकांतही उच्चापासूनच्या कोनाला सेंट्रमच म्हणत. अरबीत 'मर्कज' म्हणजे मध्य, आणि त्यांच्या कोष्टकांतही मर्कज हा कोनच आहे. इंग्रजीत मंदफलाला आजही 'इक्वेशन ऑफ द सेंटर' म्हणतात. विद्यार्थी विचारतात की यात सेंटर कुठे आहे? तेच तुमचं मंदकेंद्र. संस्कृत, अरबी, लॅटिन तिन्हींत तोच प्रश्न पडावा, हे मला विलक्षण वाटतं.

त्या कोनाचं दुसरं इंग्रजी नाव 'अॅनोमली'. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'सपाट नसणं', म्हणजे गतीतली असमानता. हल्ली काही भाषांतरांत 'विसंगती' असा शब्द दिसतो, तो कृपया वापरू नका. मध्यम मंदकेंद्र आणि स्पष्ट मंदकेंद्र हे शब्द आपल्याकडे तयार आहेत, नेमके आहेत.

कोवळं ऊन

चंद्रालाही मंदकेंद्र असतं का? की फक्त सूर्याला?

त्रिज्या

असतं, आणि चंद्राचं तर रोज जाणवण्याइतकं मोठं. सूर्याचं उच्च जवळजवळ स्थिर आहे, चंद्राचं मात्र ८.८५ वर्षांत आकाशाची पूर्ण फेरी करतं. पौर्णिमेला चंद्राचं मंदकेंद्र १८० अंशांच्या आसपास असेल तर चंद्र आपल्या जवळ असतो, मोठा दिसतो. वर्तमानपत्रं ज्याला 'सुपरमून' म्हणतात तो हाच.

तिथी कधी २० तासांत संपते, कधी जवळपास २७ तास चालते, त्यामागेही मुख्यतः हेच आहे. जुन्या गणिताप्रमाणे तिथी ६० घटींच्या (एक घटी म्हणजे २४ मिनिटं) वर ५ घटी वाढते आणि ६ घटी घटते, म्हणून पंचांगकर्त्यांत 'बाणवृद्धी रसक्षय' हे सूत्र होतं (बाण पाच, रस सहा). सूक्ष्म गणिताने तेच 'सप्तवृद्धी दशक्षय' होतं, म्हणजे ६७ घटी ते ५० घटी.

हा फरक का पडला ते कळल्यावर मी थक्क झालो होतो. सूर्यसिद्धांतात चंद्राचं परमफल (सर्वात मोठं मंदफल) सुमारे ५ अंश ३ कला आहे, आजच्या मोजणीने ६ अंश १७ कला. पहिल्यांदा वाटतं की जुनी मोजणी सव्वा अंशाने चुकली. पण चंद्राच्या गतीत सूर्याच्या ओढीमुळे आणखी एक दुरुस्ती लागते, ती जवळपास सव्वा अंशाची. अमावास्या-पौर्णिमेला ती मंदफलाच्या बरोबर उलट दिशेने येते. ६ अंश १७ कलांतून ती वजा करा, ५ अंशांच्या आसपास येता. चंद्राची स्थिती ग्रहणांवरून पारखून घेत, आणि ग्रहणं अमावास्या-पौर्णिमेलाच होतात. ग्रहणांपुरती ती संख्या अगदी योग्य होती. अष्टमीच्या आसपास ती तोकडी पडते.

नभांगणी

म्हणजे माझा पुढचा महिना चंद्रात जाणार. सूर्याचं उच्च 'जवळजवळ स्थिर' म्हणालात. ते किती हळू सरकतं?

त्रिज्या

तारकांच्या संदर्भाने एका फेरीला सुमारे १ लाख १२ हजार वर्षं. सूर्यसिद्धांतात एका कल्पात, म्हणजे ४ अब्ज ३२ कोटी वर्षांत, ३८७ फेऱ्या सांगितल्या आहेत. भागाकार केला तर एका फेरीला १ कोटी ११ लाखांच्या वर वर्षं येतात, म्हणजे प्रत्यक्षाच्या जवळपास शंभरपट मंद. गती चुकली, पण उच्च सरकतं हे त्यांनी मानलं आणि त्याला आकडा दिला.

शब्दशोध

जाता जाता एक सांगायचं राहिलं, मूळाक्षर यांच्यासाठी मुद्दाम. बृहज्जातकाच्या पहिल्याच अध्यायात वराहमिहिर त्या चार स्थानांची नावं एका ओळीत देतो: 'कण्टककेन्द्रचतुष्टयसंज्ञाः सप्तमलग्नचतुर्थखभानाम्'. सातवं, लग्न (म्हणजे पहिलं), चौथं आणि दहावं, यांना कंटक, केंद्र आणि चतुष्टय म्हणतात. चतुष्टय म्हणजे चौघांचा गट, ते सरळ आहे. पण कंटक? शुभ मानलेल्या स्थानांना काटा का म्हणावं, हे मला कित्येक वर्षं कळत नव्हतं. मग केंत्रोनचा मूळ अर्थ वाचला.

मूळाक्षर

टोचणारं टोक!

शब्दशोध

तेच. माझी खात्री आहे की हा अनुवाद आहे. कुणीतरी तो परका शब्द ऐकला, त्याचा अर्थ नीट विचारून घेतला आणि शेजारी आपला शब्द ठेवला. दोन्ही शब्द वराहमिहिराच्या ओळीत अजून शेजारी शेजारी बसलेले आहेत.